औषधाआधीचा अर्धा तास

आमच्या दवाखान्यात औषध फुकट मिळतं, असं पंचक्रोशीत सगळे म्हणत. ते खरं नव्हतं. औषधाआधी अर्धा तास आमचं ऐकून घ्यावं लागे, आणि तो अर्धा तास वसूल करण्याचं काम माझ्याकडे होतं. एका बाईकडून मी अर्ध्याचा पाऊण तास वसूल केला. तिची लेक घरी बाळंतपणात अडली होती आणि ती डॉक्टरीणबाईंना न्यायला आली होती. मला ते ठाऊक नव्हतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले. ठाऊक करून घेतलं नव्हतं, एवढंच खरं.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. नाशिक तेव्हा गोदावरीच्या, आमच्याकडे तिला गंगाच म्हणत, दोन्ही काठांना धरून होतं. गाव संपलं की पेरूच्या बागा, मोकळी शेतं आणि मग आमची ख्रिस्ती वस्ती. वस्तीला लागून मिशनचा बायकांचा दवाखाना. तिथे मी बायबलबाई होते. हा शब्द आता कुणाला कळत नाही म्हणून सांगते. बायबलबाई म्हणजे मिशनच्या पगारावर बायकांना शुभवर्तमान सांगत हिंडणारी बाई. मी सव्वीस वर्षांची होते, मिशनच्याच बोर्डिंगात शिकलेली, बिनलग्नाची, पांढऱ्या लुगड्यातली, आणि स्वतःविषयी फार चांगलं मत असलेली.

दवाखान्याची रीत ठरलेली होती. सकाळी सातपासून बायका व्हरांड्यात येऊन बसत. आतलं दार बंद असे. आत इंग्रज डॉक्टर मिससाहेब हत्यारं उकळून घेत, बाटल्या भरून ठेवत. आठाच्या ठोक्याला मी पुस्तक घेऊन उभी राहायची. एक भजन, एक उतारा, त्यावर उपदेश आणि शेवटी प्रार्थना. साडेआठला आमेन झालं की दवाखान्यातली आया पत्र्याचे नंबराचे बिल्ले वाटायची आणि मग दार उघडायचं. उपदेश सुरू झाल्यावर जी येईल तिला शेवटचा बिल्ला. मधेच जी बोलेल तिला आया दटावायची, आणि पुन्हा बोलली तर तिचा नंबरही मागे जायचा. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण हरसूलपर्यंतच्या बायकांना पाठ होते. गावाकडे निघताना त्या एकमेकींना सांगत, "आधी त्यांचं गुमान ऐकून घ्यायचं, मधी बोलायचं नाय. बोललं तर औषध नाय भेटत."

आणखी एक सांगते, कारण ते सांगताना आजही माझी मलाच चीड येते. उपदेशात मी त्यांना "भगिनींनो" म्हणायची. आमेन झालं की अगं-तुगं. "ए, सरक तिकडे. अगं, पोराचं नाक पूस." सकाळच्या त्या अर्ध्या तासापुरत्या त्या माझ्या बहिणी होत्या.

त्यांना माझं बोलणं आवडायचं की नाही, देव जाणे. हरवलेल्या मेंढराचा दाखला मी फार रंगवून सांगत असे. शंभर मेंढरं असलेला मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून एका हरवलेल्या मेंढराला शोधायला जातो, तो दाखला. एकदा पहिल्या रांगेतल्या धनगराच्या म्हातारीने न राहवून विचारलं, "अन् मागच्या नव्व्याण्णवांजवळ कोन व्हतं, बाई? लांडग्यानं नेली असती की." सगळा व्हरांडा हसला. आयाही पदराआड हसली. मी आयाला सांगून त्या म्हातारीला शेवटचा बिल्ला द्यायला लावला. तिचे डोळे आले होते, दोन्ही लालभडक, आणि दुपारपर्यंत ती उन्हात बसून राहिली.

माझ्या मनात तेव्हा एक वेगळंच दुखणं होतं. आमच्या मंडळीत रडण्याला फार मान. रविवारच्या उपासनेत कुणाला रडू फुटलं की पाळकसाहेब मधेच थांबायचे, बायका कुजबुजायच्या, "तिला वचन लागलं." रडणारीच्या अंगावर जणू शाल पडायची. मला कधी रडू आलं नाही. बोर्डिंगात असताना मोठ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की अश्रूंचं दान मिळावं म्हणून प्रार्थना कर. मी केली. डोळे चोळून लाल केले, पण आले नाहीत. निदान माझ्या बोलण्याने दुसऱ्या कुणाला तरी यावेत, एवढी एक हाव उरली. तीन वर्षं मी त्या व्हरांड्यात बोलत होते आणि तीन वर्षांत एकही बाई रडली नव्हती. खोकत होत्या, पोरं पाजत होत्या, एकमेकींच्या उवा काढत होत्या.

आणि मग एका सकाळी ती आली.

थंडीचे दिवस होते. भजन संपलं होतं, मी नुकता उतारा उघडला होता. पायऱ्या चढून एक चाळिशी ओलांडलेली बाई आली. लुगडं गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेलं, पायांवर चिखल वाळलेला. कडेवर पोर नाही, हातात बाटली नाही, सोबत कुणी नाही. दवाखान्यात रिकाम्या हाताने, धडधाकट पायांनी आलेली बाई कशाला आली असेल, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. ती आयाजवळ वाकून काही पुटपुटली. आयाने तोंडावर बोट ठेवून तिला मागच्या रांगेत बसवलं. हे मी पाहिलं. पाहिलं आणि उपदेश सुरू केला.

दाखला तोच, हरवलेल्या मेंढराचा. मेंढपाळ काट्याकुट्यांतून जातो, हाका मारतो, इथपर्यंत आले आणि माझं लक्ष मागे गेलं. ती रडत होती. आवाज नव्हता. पदर तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून नुसती धार लागली होती. नजर माझ्यावर. खरं म्हणजे माझ्यावर नव्हतीच, माझ्या मागच्या बंद दारावर होती. पण दारापुढे मी उभी होते, त्यामुळे ती माझ्याकडेच बघते आहे असं मी धरून चालले.

काय वाटलं मला तेव्हा! तीन वर्षांनी, एकदाची! मी आवाज खाली आणला, मऊ केला. रोज ज्या ठिकाणी दाखला संपायचा तिथे तो संपवला नाही. मेंढराला रात्र काढायला लावली, पाऊस पाडला, मेंढपाळाचे पाय रक्तबंबाळ केले. पुस्तकात यातलं काही नाही. ती जितकी रडत होती तितकं मी वाढवत होते. साडेआठ वाजले. आया बिल्ल्यांची पिशवी घेऊन उभी राहिली, तिला मी हाताने थांबवलं.

मग मी रांगांतून वाट काढत तिच्याजवळ गेले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. असं मी कधी केलं नव्हतं. सगळ्या बायका मान वळवून बघायला लागल्या. तेही मला बरं वाटलं. मी तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. तिने तोंडातला पदर काढला आणि म्हणाली, "बाई, माझी पोर..."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. "हो," मी म्हणाले, "तुझी पोर, तुझं घर, तुझं सगळं ओझं त्याच्या पायाशी ठेव. म्हण माझ्यामागे."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ती अडलेली होती, आणि म्हणीतलं उरलेलं जे जनावर, ते मी. ती माझ्यामागे म्हणाली. एकेक शब्द म्हणाली. हे प्रभू, मी पापी आहे. मी वाट चुकले आहे. माझं जे काही आहे ते तुझं आहे. मला तुझ्या पदरात घे. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मी सावकाश सांगत होते, घोळवून घोळवून. आमेन म्हटल्यावर तीही आमेन म्हणाली, आणि लगेच तिने माझे दोन्ही पाय धरले.

"झालं का? सगळं झालं ना आता? आता मिसबाईला चला म्हना. पोर अडलीय माझी. दोन दिस झालं. सुईनीनं हात टेकलं. पहिलटकरीन हाय वो."

घड्याळात पावणेनऊ झाले होते.

मिससाहेबांना आयाने हाक मारली तेव्हा त्यांनी अंगावरचा एप्रन काढायलाही वेळ घालवला नाही. पेटी उचलली आणि टांग्याकडे पळाल्या. मीही चढले. ती बाई टांगेवाल्याशेजारी पुढे बसली. तिचं गाव त्र्यंबकच्या रस्त्याने सहा मैल, तिथून पुढे ओढा उतरून पायी. ती रात्र सरायच्या आधीच घरून निघाली होती. नवरा मागेच वारलेला. दिराने गाडी जुंपायला नकार दिला होता, "ख्रिस्ती बाया घरात आल्या तर घर बाटंल" म्हणून. तेव्हा ती एकटीच चालत आली. हे सगळं तिने टांगेवाल्याला सांगितलं. मी मागे बसून ऐकलं. मग तिचे ओठ हलायला लागले. मी कान दिला. ती मघाचीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत होती. सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून माझा ऊर भरून आला.

घराशी पोचलो तर दीर दारात आडवा उभा. ती त्याला ढकलून आत गेली. आत जाऊन पाहतो तो काय, बायकांनी पोरीच्या उशाशी दिवा लावला होता. पंधरा-सोळा वर्षांची असेल. केस घामाने कपाळाला चिकटलेले होते, अजून सुकलेही नव्हते. मिससाहेबांनी नाडी पाहिली, पोटाला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली. आतलं बाळही गेलेलं होतं.

सुईण कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. ती म्हणाली, "उन्हं उंबऱ्यात व्हती तवर बोलत व्हती. आय आली का, आय आली का, इचारत व्हती."

मी ओट्याकडे पाहिलं. ऊन उंबरा सोडून ओट्यावर हातभर मागे सरलं होतं. तेवढं अंतर ऊन किती वेळात चालतं, हे मी नंतर आमच्या घराच्या ओट्यावर बसून पाहिलं आहे. अनेकदा पाहिलं आहे. त्याचं उत्तर मी इथे लिहिणार नाही.

परतताना टांग्यात मिससाहेबांनी त्यांच्या मोडक्या मराठीत विचारलं, "ती बाई किती वाजता आली?" मी म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळी." खोटं नव्हतं. प्रार्थना भजनानेच सुरू होते, असं कुणीही म्हणेल. त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

दर तीन महिन्यांनी मला मिशनकडे कामाचा अहवाल पाठवावा लागे. त्यात शेवटी एक जागा असे, वचनाने कुणाचं अंतःकरण हललं असेल तर ती हकिगत लिहायची. तीन वर्षं मी तिथे काहीबाही खरडून वेळ मारून नेली होती. त्या वेळी मी लिहिलं. एक शेतकरी बाई थंडीत सहा मैल चालत आली, हरवलेल्या मेंढराचा दाखला ऐकून ढसाढसा रडली, सर्वांसमोर तिने आपलं पाप कबूल केलं आणि प्रभूचं नाव घेतलं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पोर मेली, हे लिहिलं नाही. जागा नव्हती असं नाही, खाली चार ओळी कोऱ्या राहिल्या होत्या.

मिशनचा कारभार बघणाऱ्या मोठ्या साहेबांनी ते इंग्रजीत केलं, ते विलायतेच्या मासिकात छापून आलं, आणि एका रविवारी पाळकसाहेबांनी ते उपासनेत वाचून दाखवलं. बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. दोघींनी डोळे पुसले. मला वाटायचं होतं ते सगळं वाटण्याची वेळ आली होती, आणि मी मान खाली घालून पुढचं भजन शोधत बसले.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "ती बाई दवाखान्यात कशाला आली होती?" वडील मिशनच्या बागेत माळी होते. अठराशे शहात्तरच्या मोठ्या दुष्काळात आईबापांविना सहा-सात वर्षांचं पोर मिशनच्या दारात येऊन पडलं, ते हे. इतक्या लोकांनी ती हकिगत ऐकली, पण हा एवढा साधा प्रश्न त्यांनी एकट्यानेच विचारला. मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी पायातली वहाण काढली, भिंतीशी नीट ठेवली आणि म्हणाले, "मला आधी पेज पाजली होती. चार दिवस नुसती पेज. नावसुद्धा पाचव्या दिवशी विचारलं. म्हणून मी ख्रिस्ती झालो. तुझ्यासारखी कुणी दारात उभी असती तर मी तिथेच मेलो असतो." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला एक थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

मिससाहेबांनाही आयाकडून कळलंच. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मिशनच्या कमिटीला लिहिलं की आधी बिल्ले द्यावेत, आधी रोगी तपासावेत, उपदेश नंतर व्हावा. कमिटीचं उत्तर आलं की औषध मिळाल्यावर ऐकायला कुणी थांबणार नाही. ते अगदी बरोबर होतं. कुणीच थांबलं नसतं. मीसुद्धा थांबले नसते. ज्या दयेला माणसं अडकवून ठेवावी लागतात ती कसली दया, हे त्या कमिटीत कुणी विचारलं असेल तर मला माहीत नाही. मीही विचारलं नाही. पगार मिशनचा होता, खोली मिशनची होती.

वर्ष उलटलं. विलायतेहून एक लहानसं पार्सल आलं, "त्या रडणाऱ्या बाईसाठी". कुण्या शाळेतल्या मुलींनी पाठवलं होतं. एक लोकरीची शाल आणि एक रंगीत चित्र, खांद्यावर मेंढरू घेतलेल्या मेंढपाळाचं. मोठ्या साहेबांनी ते माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "तिला भेटून या. आणि बाप्तिस्म्याच्या वर्गाचं विचारा."

मी गेले. ओढ्यापर्यंत टांगा, पुढे पायी. दीर हरसूलच्या बाजाराला गेला होता. ती ओट्यावर बसून सुपात बाजरी निवडत होती. मला तिने लगेच ओळखलं, उठून उभी राहिली, घोंगडी अंथरली. आतून तांब्या आणला आणि माझ्या ओंजळीत वरून पाणी घातलं. मी ख्रिस्ती, तांब्याला माझा हात लागायचा नव्हता. पण पाणी तिने पोटभर घातलं.

"कशा आहात, मावशी?" मी विचारलं. दवाखान्यात तिला अगं म्हणाले होते. इथे तिच्या ओट्यावर तोंडातून आपोआप अहो आलं.

"हाय," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून माझ्यासमोर बसली. "बरं झालं तुम्ही आल्या. मला इचारायचंच व्हतं. पर दीर तिकडं पाय ठेवू देत नाय. तुम्ही येऊन गेल्या तर घरभर गोमूत्र शिंपडलं त्यानं. एक इचारू का? रागावनार नाय ना?"

"विचारा ना."

तिने हात जोडले, डोळे मिटले आणि ती प्रार्थना म्हणून दाखवली. हे प्रभू, मी पापी आहे. मी वाट चुकले आहे. माझं जे काही आहे ते तुझं आहे. मला तुझ्या पदरात घे. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आमेन. आमच्या वस्तीतल्या पोरांना इतकी सरळ येत नाही. तिने माझी मराठी जशीच्या तशी ठेवली होती, तिच्या बोलण्यात जी कधी आली नसती ती.

"बरुबर हाय का?"

"बरोबर आहे."

"मंग चूक शबदात नाय. मला वाटलंच व्हतं." ती थोडी पुढे सरकली. "दीर म्हनतो, म्या तुमाला आनाया गेले म्हून पोर गेली. लोक बी तसंच म्हनत्यात. तसं नाय. मला ठावं हाय. म्या तोंडानं म्हनत व्हते, पर माझं ध्यान पोरीकडं व्हतं. तुमच्या देवाकडं नव्हतंच. म्हून त्यानं ऐकलं नाय. व्हय ना? आता म्या रोज म्हनते, ध्यान लावून. पर आता काय उपेग."

मी इथे थांबून एक गोष्ट कबूल करते. त्या क्षणी नुसतं "हो" म्हटलं असतं तर ती महिनाभरात बाप्तिस्म्याच्या वर्गात येऊन बसली असती. मन लावून केलेली प्रार्थनाच देव ऐकतो, हे मी शंभरदा सांगितलेलं होतं, त्यामुळे ते खोटंही ठरलं नसतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण त्या दिवशी कसं कोण जाणे, माझी जीभ वळली नाही. तिने वर्षभर पोरीच्या मरणाचा दोष स्वतःच्या अंगावर वागवला होता, आणि तो माझा होता.

"मावशी," मी म्हणाले, "ते म्हणायची गरजच नव्हती."

तिला समजलं नाही. "म्हंजी?"

"प्रार्थना म्हणा, न म्हणा. मिससाहेब आल्याच असत्या."

"तशाच?"

"तशाच. तुम्ही पायरीवरून नुसती हाक मारली असती तरी त्या दार उघडून आल्या असत्या."

"पर ती बिल्लेवाली बाई म्हनली, बस. अन् लोक म्हनत्यात, आधी ऐकावं लागतं."

"ऐकावं लागतं ते आमच्यासाठी. औषधासाठी नाही."

तिच्या मनात ती सकाळ पहिल्यापासून पुन्हा चालली होती, हे दिसत होतं. पायऱ्या, मागची रांग, मी तिच्याजवळ येऊन बसले ते.

"मंग तुम्ही माझा हात का धरला व्हता?"

"तुम्ही रडत होतात."

"व्हय."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मी सांगितलं. "मला वाटलं, माझं बोलणं तुमच्या काळजाला लागलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. रागाने नाही. एखाद्या वेड्या माणसाकडे बघावं तशी.

"माझी पोर मरत व्हती," ती म्हणाली. "अन् तुम्हाला वाटलं, मी तुमचं ऐकून रडते?"

"हो."

ती उठली. सूप उचललं, मी घोंगडीवरून उठेपर्यंत थांबली, ती झटकून घडी केली. "जा बाई तुमी," ती म्हणाली. "लांब जायचंय." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. शाल आणि चित्र पिशवीतच राहिलं. मोठ्या साहेबांना मी सांगितलं की बाई गाव सोडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चाळीसेक बायका बसल्या होत्या. आठ वाजले. मी पुस्तक घेऊन उभी राहिले आणि उतारा उघडण्याआधी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, "कुणाला घाई आहे का?"

"हाय, हाय," सगळ्याच एकदम म्हणाल्या. एकही गप्प राहिली नाही.

आया माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या मागे दार बंद होतं, आणि त्याची कडी माझ्या हातापासून दोन पावलांवर होती. मी भजन सुरू केलं.